४३ नंबरची पिशवी

परिषदांना आलेल्या पाहुण्यांच्या अभ्याससहली ठरवायचं काम मी नऊ वर्षं करते आहे. बस सांगितली, जेवण सांगितलं की झालं, असं लोकांना वाटतं. खरं काम म्हणजे बायकांसाठी स्वच्छतागृहं किती आहेत हे आधी जाऊन मोजून येणं, आणि चाकण किती वाजता पार करायचं ते ठरवणं. चाकण चुकलं की दिवस गेला. म्हणून माझी बस साडेसहाला सुटते, मागे कितीही मोठा शास्त्रज्ञ राहिला तरी.

जानेवारीतली ही सहल होती. सकाळी खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आणि दुपारी निघोजचे रांजणखळगे. ५८ माणसं, दोन बस. आयोजक समितीला त्यातच शिवनेरीही हवी होती. एका दिवसात तीन ठिकाणं मागणाऱ्यांनी एकदा तरी स्वतः पन्नास माणसं बसमधून उतरवून पुन्हा चढवून बघावीत. मी ठाम नकार दिला.

खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकोनात, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. टोकाच्या अँटेनांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की जवळ मोबाइल चालू असणं म्हणजे कानाशी कुजबुज चालू असताना शेजारी ढोल बडवणं. आणि ‘बंद केलाय’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचा फोन नुसता सायलेंटवर असतो, शास्त्रज्ञांचासुद्धा. म्हणून मी जाड कापडाच्या नंबर घातलेल्या पिशव्या शिवून घेतल्या आहेत. नारायणगावात चहाला थांबलो की प्रत्येकाने माझ्यासमोर फोन बंद करायचा, पिशवीत टाकायचा, पिशवी पेटीत आणि पेटी बसमध्ये कुलपात. या पद्धतीचा मला अभिमान होता.

सगळं वेळेत झालं. इंजिनिअर मनापासून समजावत होते. अँटेनाचं ताट पत्र्याचं नाही, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीचं आहे. इथे टिपायच्या लहरींची लांबी साधारण वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरच्या पुढे. त्यांना एक-दोन सेंटिमीटरची भोकं जाणवतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पना. मी हे अकरा वेळा ऐकलंय, तरी त्या जाळीतून आभाळ दिसलं की दरवेळी थांबते.

कोलकात्याहून आलेले सत्तरीचे एक प्राध्यापक पुढेच उभे होते. मान डोलावत होते, हसत होते. इतका लक्ष देणारा पाहुणा मिळाला म्हणून मला बरं वाटलं.

परतताना बसमध्ये पिशव्या वाटल्या. ४३ नंबरच्या पिशवीतून त्यांनी फोन काढला आणि मग कातडीच्या रंगाची दोन छोटी यंत्रं काढून एकेक कानात बसवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, ते ताट जाळीचं का असतं?”

अडीच तास त्यांना काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

सूचनापत्रात मी लिहिलं होतं, ‘मोबाइल, स्मार्ट घड्याळं व इतर सर्व इलेक्ट्रॉनिक उपकरणं जमा करावीत.’ यातलं ‘इतर सर्व’ माझं. तेवढं लिहिलं की वाद उरत नाहीत. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. ज्या माणसाने आयुष्यभर रेडिओ रिसीव्हर बनवले, त्याला दुर्बिणीत गोंगाट होऊ द्यायचा नव्हता.

“सर, मला आधी सांगायचं होतंत ना,” मी म्हणाले.

“सगळ्यांसमोर पेटी फिरत होती,” ते म्हणाले. बस, एवढंच.

जाळीचं मी सांगितलं. पण पुढचे प्रश्न रिसीव्हरचे होते, तिथे माझी अकरा वेळची उजळणी संपली. निघोजला कुकडीच्या पात्रात बाकीचे खाली उतरले. वाहत्या पाण्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेले रांजण बघत सगळे हरखले होते. प्राध्यापक मात्र मळगंगेच्या देवळाजवळ बसून कागदावर प्रश्न लिहीत होते. चार प्रश्न.

संध्याकाळी मी इंजिनिअरांना फोन केला. ते म्हणाले, “श्रवणयंत्रात ब्लूटूथ असलं, तरी ते २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झवर चालतं, आमची दुर्बीण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. कुठलंही यंत्र थोडाफार गोंगाट करतंच, पण तुम्ही आधी विचारलं असतंत तर तपासून काहीतरी मार्ग काढला असता. त्यांना निदान कागदावर तरी लिहून दिलं असतं.”

चारही प्रश्नांची उत्तरं त्यांनी तिसऱ्या दिवशी सविस्तर लिहून पाठवली, मी ती पुढे पाठवली. आता माझ्या सूचनापत्रात ‘इतर सर्व’ नाही. अर्जात श्रवणयंत्राचा रकाना आहे, आणि तो पेटी फिरायच्या वेळी नाही, नोंदणीच्या वेळी एकट्याने भरायचा आहे. प्राध्यापकांचा अभिप्रायही आला. सगळीकडे ‘उत्तम’. सूचनांची जागा कोरी. ती कोरी का ठेवली असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.