तुम्ही विचारलंत म्हणून : मुलींची नावं लवकर जुनी का होतात?

प्राथमिक शाळेत हजेरी घेण्यात माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळे कुणाच्या घरी बारसं ठरलं की लोक मला नावांबद्दल विचारतात. त्यात एक प्रश्न हटकून येतो : "बाई, बाईमाणसाचं नाव ऐकलं की वयाचा अंदाज येतो. पुरुषांचं तसं होत नाही. असं का?"

निरीक्षण अगदी खरं आहे. कुसुम, सुलोचना म्हटलं की पणजीच्या वयाची बाई डोळ्यांसमोर येते. शोभा, मंगल या आज्या झाल्या. वैशाली, मनीषा पन्नाशीच्या आगेमागे. ऋतुजा, प्रतीक्षा यांची आता लग्नं होताहेत आणि स्वरा, ईरा अजून दप्तर घेऊन निघतात. उलट विजय आजोबाही असू शकतो आणि नुकता नोकरीला लागलेलाही. अजय, संजय, आनंद ही नावं तीन-तीन पिढ्या वर्गात येत राहिली.

माझं उत्तर असं आहे : मुलाचं नाव घराण्याच्या मालकीचं होतं, मुलीच्या नावावर कुणाचाच हक्क नव्हता.

पेशव्यांची वंशावळ बघा. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. त्या बाळाजीचा मुलगा माधवराव आणि नातू सवाई माधवराव. लोकमान्य टिळकांच्या आजोबांचं नाव रामचंद्रपंत, आणि टिळकांच्या एका मुलाचं नावही रामचंद्रच. मुलगा झाला की नाव शोधायचं नसे, ते घरात आधीच असे. पंचाईत व्हायची ती सुनेची. सासऱ्यांचं नाव तिने घ्यायचं नाही, मग पोराला हाक कशी मारणार? म्हणून घरोघरी बाळ, बंडू, नाना, अण्णा, तात्या. खुद्द टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव होतं. घरात बाळ म्हणायचे, तेच राहिलं.

मुलीची गोष्ट वेगळी. ती परक्या घरी जाणार आणि तिथे नावही बदलणार, हे धरूनच तिचं बारसं व्हायचं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. रमाबाई रानडे माहेरी यमुना होत्या. डॉक्टर आनंदीबाई जोशीही यमुनाच. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई या माहेरच्या तापी, आणि महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई या गोदू. एवढ्या नद्या त्या मांडवात शिरल्या आणि पलीकडे दुसऱ्याच नावाने निघाल्या.

ज्या नावाचं पुढे काही होणार नाही, ते ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून मुलीचं नाव आईबापांना, आत्याला, मोठ्या भावंडांना हवं तसं ठेवता आलं. नाटकातलं ठेवा, कादंबरीतलं ठेवा, शेजारच्या शिकलेल्या बाईंचं ठेवा. मुलींच्या नावांत नवेपणा आधी आला तो या मोकळीकीमुळे, आणि ती मोकळीक लाडातून कमी, बेफिकिरीतून जास्त आलेली होती. हे कडू वाटेल, पण मला असंच दिसतं.

मंगेशकर भावंडांची नावं ओळीने म्हणून बघा. मीना, आशा, उषा : दोन-दोन अक्षरांची, त्या काळात ताजी वाटणारी. थोरलीचं आधीचं नाव हेमा, वडिलांच्या नाटकातल्या लतिका या पात्रावरून ती लता झाली. आणि मुलगा? दीनानाथांचा हृदयनाथ. त्याच्या नावात वडिलांच्या नावाचा 'नाथ' कायम राहिला.

या बेफिकिरीची दुसरी बाजू मी रजिस्टरमध्ये पाहिली आहे. जुन्या जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या दाखलनोंदीच्या वहीत, मुलांच्या नावांत धोंडू, दगडू, भिकू सापडतात आणि मुलींच्या नावांत नकुशी. एकाखाली एक वाचली तर दोन्ही सारखीच हलकी नावं वाटतात. पण धोंडू हे नाव जिवाच्या आकांताने ठेवलेलं असे. आधीची मुलं गेलेली, या पोरावर तरी काळाची नजर पडू नये म्हणून त्याला दगड म्हणायचं. नकुशी या नावात लपवलेलं प्रेम नाही. मुलगा हवा होता आणि पुन्हा मुलगी झाली, एवढंच त्यात आहे. आणि हे फार जुनं नाही. 22 ऑक्टोबर 2011 रोजी सातारा जिल्ह्यात एका कार्यक्रमात 285 नकुशींना नवी नावं मिळाली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. त्यांत शाळेत जाणाऱ्या, रोज वर्गात त्या नावाला 'हजर' म्हणणाऱ्या मुली होत्या. हजेरी घेणाऱ्या बाईला याचा अर्थ जास्त कळतो.

मुलांची आणि मुलींची नावं एकदमच बदलली, असंही आपल्याकडे घडलं आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, आणि पुढच्या वर्षांत बौद्ध घरांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद आले, तशाच सुजाता, प्रज्ञा, करुणा, संघमित्रा आल्या. इथे मुलगा घराण्याला आणि मुलगी फॅशनला, अशी वाटणी नव्हती. दोघांनाही मान देणारं नाव हवं होतं. रजिस्टरच्या एकाच ओळीत मुलाचं नाव मिलिंद आणि बापाचं नाव कचरू दिसतं, तेव्हा त्या दोन शब्दांमधली मजल मोजायला दुसरं काही लागत नाही. नावांच्या इतिहासात मला हेच पान सगळ्यात मोलाचं वाटतं.

बाकीच्या घरांत मुलांची नावं सुटी व्हायला आणखी वेळ लागला. एकत्र कुटुंबं मोडली, नाव ठरवायला आजोबांऐवजी आईबाप बसू लागले, आणि मग सचिन, अमोल, संदीप, प्रशांत यांच्या रांगा लागल्या. (सचिन हे नाव क्रिकेटमुळे पसरलं असं पुष्कळांना वाटतं. तेंडुलकरांचंच नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं आहे.) नंतर अक्षय, ओंकार, शुभम. आता आरव, अर्णव, विहान. म्हणजे मुलांची नावंही आता मुलींच्याच वेगाने जुनी होऊ लागली आहेत. आणखी तीस वर्षांनी विहान ऐकलं की लोक वय ओळखतील. तुमचा प्रश्न तेव्हा कुणी विचारणार नाही.

मुलींच्या बाबतीत त्याहून मोठा बदल झाला, आणि तो नाव ठेवण्यात नसून नाव टिकण्यात आहे.

शाळेत एकदा एक वयस्क बाई मुलाला घेऊन स्वतःचा दाखला काढायला आल्या होत्या. रेशनकार्डावरचं आईचं नाव त्याने सांगितलं. क्लार्कने जन्मसालाच्या अंदाजाने पानं उलटली, नाव सापडेना. बाई खुर्चीत गप्प. मग पुढे वाकून त्या स्वतःच म्हणाल्या, "हौसा बघा. हौसा, आणि पुढे बापाचं नाव." सापडलं. मुलगा चाळिशीचा असेल. आईचं नाव त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं. दाखल्यावर एक नाव, बाकी सगळ्या कागदांवर दुसरं. ती एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करायला बाईंना पुढे किती हेलपाटे पडले असतील, याची कल्पना करता येते.

आजच्या मुली बहुतेक लग्नानंतर स्वतःचं नाव ठेवतात, कित्येकजणी आडनावही. म्हणजे मुलीचं नाव आता जन्मभर चालणार. त्यात महाराष्ट्र सरकारने मार्च 2024 मध्ये निर्णय घेतला की 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. जे नाव एकेकाळी मांडवात संपत होतं, ते आता पुढच्या पिढीच्या नावातही राहील.

म्हणून नाव सुचवा म्हणणाऱ्यांना मी यादी देत नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत मागे पडली याचं मला वाईट वाटत नाही. पण आजीचं नाव नातीला ठेवायची रीत तितकी कधी रुजलीच नाही, आणि आता तिला कसलीच आडकाठी नाही. रमा, आनंदी, मुक्ता ही नावं पुन्हा कानावर येऊ लागली आहेत, तेव्हा जुनं वाटेल ही धास्तीही नको. मुलगी झाली असेल तर दोन्हीकडच्या आज्यांना त्यांचं माहेरचं नाव विचारा. आजी हयात नसेल तर तिच्या माहेरच्या गावातल्या शाळेत जा. ती चार इयत्ता जरी शिकली असेल, तरी जनरल रजिस्टरात ते नाव तिच्या जन्मतारखेसह लिहिलेलं असेल.