आडनाव सोडलं, शेताचं नाव धरलं

सासूबाईंच्या खापरपणजोबांबद्दल घरात एवढंच ठाऊक होतं: वेल्समधलं, बाला सरोवराच्या वरच्या टोकाचं लानूख्लिन गाव आणि आडनाव जोन्स. 1841 ची जनगणना उघडली, तर पानोपानी जोन्स! त्यात मोठ्यांची वयं बहुतेक 5 च्या पटीत खाली ओढून लिहिलेली. दोन महिने मी भलत्याच माणसाच्या मागे होते.

मग उलगडा झाला. तिथल्या खेड्यांत तेव्हाही कित्येक घरांत बापाचं नावच मुलाचं आडनाव होई. जॉनचा मुलगा इव्हान जोन्स, आणि त्याचा मुलगा विल्यम इव्हान्स. आपलं मधलं नाव शेवटी नेऊन ठेवावं, तसं. गावात माणसाची खरी ओळख त्याच्या शेतघराच्या नावावरून, आणि ते नाव घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर होतं. इतकी वर्षं कुणी त्याकडे पाहिलंच नव्हतं.

ते नाव धरून पॅरिशच्या, म्हणजे गावच्या अधिकृत चर्चच्या, नोंदवहीत लग्न सापडलं. सहीच्या जागी दोघांच्याही फुल्या. पण मुलांचे बाप्तिस्मे कुठेच नाहीत. माणसं चॅपलची, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाची होती. 1837 पर्यंत त्यांनाही लग्न पॅरिशच्या चर्चमध्येच लावावं लागे, बाप्तिस्मा मात्र ती आपल्या चॅपलमध्ये करत. चॅपलांच्या बऱ्याच वह्या पुढे सरकारने गोळा केल्या, त्या आता लंडनमध्ये क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथे मुलं एकापाठोपाठ एक मिळाली.

1851 मध्ये कुटुंब त्याच शेतावर होतं. 1861 मध्ये तिथे दुसरंच कुटुंब. 1859 च्या निवडणुकीनंतर विनस्टे या बड्या जमीनदारांच्या इस्टेटीने, आपल्या उमेदवाराला मत दिलं नाही म्हणून, लानूख्लिनच्या काही कुळांना जमिनीवरून काढलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात वेल्श वसाहत उभी करणाऱ्या मायकल डी. जोन्सच्या आईलाही. आमच्या माणसांचं काय झालं, ते कोणत्याच कागदात नाही, पण ती तारीख माझ्या मनातून जात नाही.

शेवटी चर्चला द्यायच्या दशांश कराचा नकाशा उघडला. 1836 च्या कायद्याने धान्याऐवजी रोख कर ठरला, तेव्हा गावोगावची जमीन मोजली गेली: मालक, कूळ, प्रत्येक तुकड्याचा क्रमांक आणि नाव. वेल्सच्या नॅशनल लायब्ररीने हे नकाशे मोफत खुले केले आहेत. मी सासूबाईंना शेजारी बसवलं. वेल्श त्यांनाच येतं. चष्मा पुसून त्या एकेक नाव मोठ्याने वाचू लागल्या: काए माउर, म्हणजे मोठं शेत, काए बाख, धाकटं.