शौचालयाची किल्ली

बांधकामाच्या साइटवर मी सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ असते, ‘शौचालये पुरेशी आहेत का?’ एका साइटवर मी त्या ओळीपुढे चार महिने ‘हो’ लिहून सही केली. कागदावर आठ शौचालयं होती. बाहेरून मोजली की आठ भरायची.

मग एका दुपारी पंधराव्या मजल्यावर विटा वाहणाऱ्या एका ताईंना चक्कर आली. त्यांना सावलीत बसवलं, पाणी द्यायला त्यांचीच बाटली उचलली, तर ती सकाळी भरली होती तशीच. का नाही प्यायलात, म्हटलं, तर त्या गप्प. शेजारची बाई म्हणाली, “मॅडम, पाणी प्यायलं की खाली जावं लागतं. खाली दोनच उघडी, त्यांनाही आतून कडी नाही. बाकीच्यांची किल्ली स्टोअरमध्ये.”

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ बघत तोच फेरा मारला. लिफ्टची वाट, खालची रांग, पुन्हा लिफ्ट. एकूण 35 मिनिटं. मुकादम एवढा वेळ कोणाला देणार? पुरुष डक्टच्या, म्हणजे पाइप वर नेणाऱ्या उभ्या पोकळीच्या, कोपऱ्यात उरकतात आणि नंतर त्याच डक्टमध्ये प्लंबरला हात घालावा लागतो. बायका दिवसभर तहान मारतात. उन्हात अंगमेहनत करताना पाणी तोडलं की चक्कर येते. लघवी दाबून ठेवल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो, तो वेगळाच.

यावर नियम नाहीत असं नाही. बांधकामातल्या सुरक्षेबद्दलचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 167 क्रमांकाचा करार 1988 चा. स्त्रिया आणि पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि हातपाय धुण्याची सोय त्यात स्पष्ट मागितली आहे. ब्रिटनच्या 2015 च्या नियमांत उजेड, हवा, स्वच्छता, साबण, इतकंच काय, आतून लावता येणारं दारही येतं. अमेरिकेत 20 पेक्षा जास्त कामगार असतील तर दर 40 जणांमागे एक शौचकूप आणि एक मुतारी, 200 च्या वर गेले की दर 50 जणांमागे. आकडा हवाच. पण आपली माणसं कितव्या मजल्यावर आहेत, हे तो आकडा सांगत नाही. ते साइटवरच्या माणसानेच बघायला हवं, आणि मी चार महिने बघितलं नव्हतं.

कड्या एका दिवसात बसल्या. किल्ल्या मी स्टोअरमधून काढून घेतल्या. साहेबांसाठी राखीव म्हणून कुलूप लावलेलं शौचालय मी आता मोजतच नाही. वरच्या मजल्यांचं काम मात्र अवघड होतं. पोर्टेबल युनिट वर ठेवलं तर टाकी भरली की ते क्रेनने उतरवावं लागतं आणि त्या दिवशी क्रेन कधीच मोकळी नसते. शेवटी प्लंबरनेच वाट दाखवली: इमारतीचा सांडपाण्याचा पाइप जसा वर चढेल, तशी त्याला तात्पुरती शौचालयं जोडत जायची. खाली पाइपचं तोंड टाकीला जोडलेलं हवं, भांड्याखाली वास अडवणारा ट्रॅप हवा आणि वर पाणी चढलेलं हवं. यातलं एक जरी राहिलं, तरी दोन दिवसांत तिकडे कोणी फिरकत नाही.

हात धुण्याबद्दल एक गोष्ट मी टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामगारांशी सुरक्षेबद्दल होणाऱ्या छोट्या बोलण्यात, प्रत्येक वेळी सांगते. ओलं सिमेंट कातडी जाळतं, म्हणून शौचाला जाण्याआधीही हात धुवा. नळ आणि साबण दाराबाहेर का हवा, हे त्यानंतर मला कोणी विचारत नाही.

सफाईचे पैसे बजेटमधून सगळ्यांत आधी कापले जातात. सफाई करणारी व्यक्तीही आमचीच कामगार आहे. तिला गमबूट, हातमोजे आणि ठरलेली वेळ लागते, झाकणाची कचरापेटी लागते. पॅड टाकायला जागा नसेल तर ते भांड्यात जातात आणि तुंबलेलं काढायला पुन्हा तिलाच बोलावतात.

आता चेकलिस्ट भरताना मी प्रत्येक दार उघडून आत जाते, कडी लावते, नळ सोडते. सध्याच्या साइटवर सहाव्या मजल्यावरची जोडणी झाली आहे. रात्रपाळीसाठी तिथे दिवा अजून बसलेला नाही. तो बसेपर्यंत रात्रीच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहितेय.