सायकल मापाने शिवून घेतली, सीट तेवढी राहिली

माझी उंची 5 फूट, तीही चप्पल घालून. दुकानातल्या रोड बाईकचा सगळ्यात लहान साइजसुद्धा मला लांब पडायचा, हँडलपर्यंत पोचायला खांदे ताणावे लागायचे आणि हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासायचं. म्हणून दोन वर्षं पैसे साठवले आणि पुण्यातल्या एका फ्रेम बनवणाऱ्याकडून स्टीलची फ्रेम करून घेतली. त्याने हात, धड, पाय, खांदे सगळं टेपने मोजलं, म्हणजे अगदी ब्लाउज शिवायला टाकल्यासारखं. चाकं नेहमीची 700सी न घेता लहान 650बी घेतली म्हणजे बूट घासायला नको, क्रँकसुद्धा, म्हणजे पेडल लागतात ते दांडे, आखूड, 160 मिमीचे. आणि सगळं मोजून झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, सीट कुठली टाकू?" मी म्हटलं, "कुठलीही चालेल, काळी असू दे." पुढचे आठ महिने त्या एका उत्तराने मला छळलं.

सुरुवातीला कळलंच नाही. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, सकाळी उपवनवरून येऊरचा चढ चढायचा आणि सातच्या आत घरी, एवढीच माझी राइड. चढावर मी निम्मा वेळ उभी राहून पेडल मारते आणि उतारावर सीटवर नुसती टेकलेली असते, त्यामुळे सीटची परीक्षाच होत नाही. परीक्षा झाली नाशिक हायवेला. सायकलच्या ग्रुपबरोबर माजिवड्याहून निघालो, शहापूरपर्यंत जाऊन परत, शंभरच्या आसपास अंतर. पडघा मागे पडलं आणि बसायच्या जागी दोन्ही बाजूंना कोणीतरी अंगठा दाबून धरलाय असं दुखायला लागलं. ते एकवेळ ठीक होतं, पण परतीच्या वाटेवर पुढचा भाग, जिथे सीटचं नाक टेकतं तो, पूर्ण बधिर झाला. आधी मुंग्या आणि मग काहीच नाही. त्या दिवशी मी एकटी बाई, बाकी चौघे पुरुष. त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं पाठ दुखतेय. मग सगळ्यांनी मिळून मला पाठीचे व्यायाम सांगितले, आणि खरं सांगायचं तर महिनाभर मी ते केलेसुद्धा.

हे मुद्दाम लिहितेय कारण माझे निम्मे महिने यातच गेले. दुखणं कुठे आहे हे तोंडाने सांगायचं नाही आणि इलाज मात्र शोधत बसायचं.

पहिला इलाज जेल कव्हर. घरात हाताने दाबून बघितलं तर गादीसारखं मऊ, वाटलं झालं काम. वीस किलोमीटरनंतर आधीपेक्षा वाईट. नंतर कारण कळलं, मऊ जेलमध्ये आपली हाडं खाली रुततात आणि ते जेल मधल्या नाजूक भागात वर येतं, म्हणजे जिथे दाब नको तिथेच दाब. दुसरा इलाज, सीटचं नाक खाली झुकवणं. बधिरपणा कमी झाला पण मी सारखी पुढे घसरायला लागले, सगळं वजन तळहातांवर, मग हातालाच मुंग्या. पावसाळ्यात भर म्हणून ओल्या कपड्यांनी घासून गळू झालं आणि तेव्हा कुठे मी माझ्या गायनॅक मॅडमकडे गेले. त्यांनी आधी ओरडून घेतलं. म्हणाल्या, "दुखणं एकवेळ समजू शकते, पण बधिर होतंय म्हणजे नसेवर दाब येतोय, ते अंगावर काढायचं नाही." पॅडच्या शॉर्ट्सच्या आत निकर घालत होते तेही बंद करायला लावलं. त्या शॉर्ट्स थेट अंगावरच घालायच्या असतात, आतल्या शिवणीच घासतात, आणि प्रत्येक राइडनंतर धुतल्याच पाहिजेत. इतकी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं.

मग ग्रुपमधल्या काकांना एकदा धीर करून खरं सांगितलं. साठी उलटलेले गृहस्थ, पण जरासुद्धा अवघडले नाहीत. म्हणाले, "अगं वेडे, हे आम्हाला सगळ्यांना होतं, पाठ पाठ काय करत होतीस." त्यांच्याकडे ब्रूक्सची चामड्याची सीट आहे, 1866 पासूनची कंपनी आहे ती, ती सीट त्यांनी दोन आठवडे वापरायला दिली. त्यांच्यासाठी ती सीट म्हणजे स्वर्ग आहे. पण चामडं हळूहळू बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेतं, आणि या सीटने काकांचा आकार कधीच घेतला होता. शिवाय चामड्याला पाऊस सोसत नाही, भिजून सैल पडतं, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर कव्हर घालून किती जपणार. पुसून, प्रूफाइड (चामड्याला लावायचं मेण) लावून परत दिली. काकांनीच मग नेरुळच्या एका फिजिओथेरपिस्टचं नाव सांगितलं, ती बाइक फिटिंग करते, म्हणजे सायकल चालवणाऱ्याच्या अंगाला जुळवून देते.

एका रविवारी ठाणे-बेलापूर रोडने सायकल चालवतच गेले. तिने सायकलला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारलं, "ताई, नेमकं कुठे? हाडांवर, मांडीच्या आत, की पुढे?" आणि मी पहिल्यांदा कोणापुढे न अडखळता सगळं सांगितलं. मग तिने एका खोक्याचा नालीदार पुठ्ठा फाडून बुटक्या स्टुलावर ठेवला, मला पातळ लेगिंगवर त्यावर बसायला लावलं, पाय जरा उंच, पुढे वाकून, स्टुलाची कड दोन्ही हातांनी वर ओढत, अर्धा मिनिट. उठले तर पुठ्ठ्यावर काहीच दिसेना. तिने खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवला आणि दोन खड्डे उमटले, पांढऱ्या पुठ्ठ्यात दोन गडद गोल, चिंचोक्याएवढे. एका गोलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावली, 128 मिमी. मग तीच पट्टी माझ्या सीटवर ठेवली. कडेपासून कडेपर्यंत सीटच 130.

म्हणजे आठ महिने माझी बैठकीची हाडं सीटच्या अगदी काठावर, जिथे ती खाली उतरते तिथे टेकत होती, आणि आधार मिळेना म्हणून सगळा भार मधल्या भागावर. मी त्या पुठ्ठ्याकडे बघत बसले. फ्रेम मिलीमीटरमध्ये मोजून घेणारी मी, हे एक माप कसं सोडलं.

ती म्हणाली हाडांच्या मापात साधारण दोन-अडीच सेंमी मिळवायचे, तू फार वाकून चालवत नाहीस म्हणून 155 च्या आसपासची बघ, आणि मध्ये कापलेली. त्यात जाडी-बारीकपणाचा काही संबंध नाही हेही तिने आवर्जून सांगितलं, हाडांमधलं अंतर वजनावरून कळत नाही. मग सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, चढवून मागून व्हिडिओ काढला तर माझी कंबर डावी-उजवी हलत होती. सीट उंच होती. पायाची आतली लांबी माझी 69 सेंमी, तिला 0.883 ने गुणलं की सीटची उंची, म्हणजे क्रँक फिरतो त्या आसापासून सीटच्या वरपर्यंत, 61 च्या जवळ येते, आणि मी 63 वर बसत होते. कंबर अशी हलली की कितीही चांगली सीट घासणारच. हे सूत्र म्हणजे फक्त सुरुवात, पुढे गुडघा बघून ठरवायचं असं ती म्हणाली, माझं शेवटी 61.3 वर बसलं.

आता सीट शोधायची. इथे खरी पंचाईत, कारण एका दुकानात विचारलं तर लावून बघितलेली सीट परत घेणार नाही म्हणाले, आणि दुकानात स्टँडवरच्या सायकलवर दोन मिनिटं बसून काही म्हणजे काही कळत नाही. त्यामुळे मी ग्रुपवर सरळ लिहिलं की मला 150 च्या वरची सीट ट्रायला पाहिजे, कारण अमुक आहे. दोन दिवसांत तीन सीटा जमल्या! एक कोपरीच्या एका बाईंची, त्यांना मी ओळखतही नव्हते. पहिली रुंदीला बरोबर पण वरून इतकी गोल की मधला भाग परत दाबायचा. दुसरी सपाट, हाडांना मस्त, पण नाक रुंद, मांड्या आतून सोलल्या. तिसरी आखूड नाकाची, मध्ये लांब खाच, 155. गायमुखपर्यंत जाऊन आले आणि माजिवड्याला परत आल्यावर लक्षात आलं की वाटेत सीटचा विचारच आला नाही. तसलीच सेकंडहँड 3,500 ला मिळाली.

लावण्यातही दोन रविवार गेले. सीट बदलली की तिची जाडी बदलते, म्हणून उंची परत मोजायची. आखूड नाकाच्या सीटचं पुढे-मागे माप नाकापासून घ्यायचं नाही, ती जिथे 8 सेंमी रुंद होते तिथून घ्यायचं, नाहीतर सीट भलतीच पुढे जाऊन बसते. तिरकेपणासाठी सोसायटीत काम करणाऱ्या मिस्त्रींकडून पाणसळ मागून आणली, सीटवर एक जाड पुस्तक आडवं ठेवून त्यावर पाणसळ, आधी बुडबुडा बरोबर मध्ये, मग नाक अगदी केसभर खाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निदान दोन राइड तशाच करायच्या. मिस्त्री उभं राहून बघत होते, म्हणाले, "ताई, एवढं तर आम्ही खिडकीला पण नाही बघत."

जानेवारीत 200 किलोमीटरची बीआरएम केली, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. साडेतेरा तासांची मुदत असते, मी 12 तास 50 मिनिटांत आले. शेवटच्या तीस किलोमीटरला हाडं दुखली, ते दुखणारच, पण बधिर एकदाही नाही. सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, 61.3 ला काळी टेप गुंडाळून ठेवलीय, सायकल खोलून गाडीत टाकली तरी परत तिथेच बसवता येते.

तो पुठ्ठा मी नेरुळहून मागून आणला होता, कपाटामागे आहे. आणि बुटकं स्टूल हॉलमध्येच असतं, कारण आतापर्यंत ग्रुपमधल्या सहा जणी त्यावर बसून गेल्यात. आमच्या मजल्यावरच्या वहिनी परवा आल्या, साधी हायब्रिड चालवतात त्या, तलावपाळीपर्यंत. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "माझी पाठ दुखते गं सायकलवर." मी त्यांना आधी चहा दिला आणि मग नवीन खोकं फाडायला घेतलं.