तुरटी घातलेलं कोंबडीखत आणि मातीतलं ॲल्युमिनियम: माझा अनुभव

कोंबड्यांच्या लिटरमध्ये, म्हणजे शेडमध्ये अंथरलेला भुसा आणि त्यात मिसळलेली विष्ठा यांत, ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे पाणी निवळायला वापरतात ती तुरटी, मिसळतात असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग ते ॲल्युमिनियम पिकाला बाधत नाही का? एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी हाच प्रश्न उचलला.

तुरटी घालतात ती मुळात शेडमधला अमोनिया कमी करायला. लिटरच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के तुरटी पसरली की सामू (पीएच) उतरतो आणि अमोनिया होऊन हवेत उडून जाणारं नत्र (नायट्रोजन) खतातच राहतं. शिवाय ॲल्युमिनियम विरघळलेल्या स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं. हा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. साध्या कोंबडीखतात नत्राच्या मानाने स्फुरद फार. नत्राचा हिशेब धरून खत टाकत गेलं की स्फुरद साचतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात जातो.

बरीच वर्षं खतं पडत आलेले वाफे मला आयते मिळाले: काहींत साधं लिटर, काहींत तुरटीचं, काहींत अमोनियम नायट्रेट हे रासायनिक खत. माती वाळवली, 2 मिमीच्या चाळणीतून काढली. इथवर सोपं. पुढे गाळण. लिटरच्या मातीचा अर्क कोऱ्या चहासारखा निघायचा, आणि स्फुरद मोजायचा तो निळ्या रंगाच्या गडदपणावरून! त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा मूळ रंग वेगळा मोजून वजा करावा लागे. ओल्सन पद्धतीत, म्हणजे मातीतला स्फुरद बायकार्बोनेटच्या द्रावणाने काढून मोजायच्या पद्धतीत, तर त्या अर्कात आम्ल टाकताच फेस चढतो. थेंब थेंब सोडायचं आणि बाटली हलवत राहायची. घाईच्या माणसाचं ते काम नाही.

पाण्यात विरघळणारा स्फुरद तुरटीच्या वाफ्यांत स्पष्ट कमी आला. एकूण स्फुरद मात्र जवळपास तेवढाच होता. साहजिक आहे, तुरटी स्फुरद नाहीसा करत नाही, फक्त बांधते. म्हणून एका आकड्यावर निकाल देणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास नाही.

ॲल्युमिनियमचंही तसंच. मातीत ते मुळातच भरपूर असतं, एकूण आकडा बघून काही कळत नाही. मुळांना त्रास होतो तो सामू साधारण 5.5 च्या खाली उतरून ॲल्युमिनियम विरघळू लागल्यावर. पोटॅशियम क्लोराइडने विनिमयक्षम ॲल्युमिनियम, म्हणजे मातीच्या कणांना सैल चिकटलेलं, सहज सुटणारं ॲल्युमिनियम, काढलं, तर लिटरच्या दोन्ही प्रकारच्या वाफ्यांत ते नगण्य. कोंबडीच्या खाद्यातला चुना लिटरमध्ये उतरतो, त्यामुळे तुरटी घालूनही माती आंबट होत नाही. अमेरिकेत आर्कान्सामध्ये 1995 पासून चाललेल्या प्रयोगातही हेच दिसलं होतं, तरी स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय माझी खात्री पटली नसती.

विनिमयक्षम ॲल्युमिनियम वाढलं होतं ते अमोनियम नायट्रेटच्या वाफ्यांत, आणि प्रबंध जमा झाल्यावर चुना टाकावा लागला तोही तिथेच.