आष्टी-चिमूर एका दिवसात? नाही होत
शाळेपासून 'आष्टी-चिमूर' हे नाव एका दमात ऐकलेलं, अंजनगाव-सुर्जीसारखं. मी अकोल्याचा, तरी पन्नाशी आली तोवर ही गावं लागूनच असतील असं धरून चाललो होतो. चिमूर चंद्रपूर जिल्ह्यात, आष्टी वर्ध्यात, मध्ये बरंच अंतर. त्यांना जोडलं ते 'चले जाव' चळवळीतल्या १६ ऑगस्ट १९४२ या तारखेनं, दोन्हीकडे एकाच दिवशी उठाव झाला. त्या दिवशी नागपंचमी होती.

चिमूरला सकाळी पोचलो. बेचाळीस साली इथंच प्रभातफेरीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. चिडलेल्या लोकांच्या हातून चार सरकारी माणसं मारली गेली. मग फौज आली आणि गावातल्या बायकांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. हे वाचून जा, नाहीतर तिथं उभं राहून काही कळणार नाही. ताडोब्याच्या कोलारा गेटकडे जाणाऱ्या गाड्या चिमुरातून सरळ निघून जातात. खोलीचे दर मात्र वाघाचेच. मुक्काम करू नका.

आता मुख्य दुखणं. मी ड्रायव्हरला 'आष्टी' एवढंच म्हटलं. त्यानं मोबाइलवर आष्टी टाकली आणि मी मागे झोपलो. जाग आली तेव्हा सिंदेवाहीच्या अलीकडे रस्ता खोदलेला, वर पाऊस, गाडी पहिल्या गिअरवर. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, बाया रोवणीला वाकलेल्या. तेव्हाच कळायला पाहिजे होतं, वर्ध्याकडे जाताना कपाशी लागायला पाहिजे, धान वाढत कसं चाललंय! पण कळलं मूलला, 'चामोर्शी' अशी पाटी पाहिल्यावर. भाऊ मला गडचिरोली जिल्ह्यातल्या, वैनगंगेकाठच्या आष्टीला नेत होते.

"काहून भाऊ, वर्ध्याची आष्टी नव्हं काय?"

"तुमी कोनती ते कुठं सांगतलं, साहेब?"

खरं होतं, म्हणून जास्त राग आला. १२० किलोमीटर जादा, १६ रुपयांनी १९२० रुपये. चहाच्या टपरीवर अर्धा तास भांडून निम्म्यावर तोडलं. वरून त्या खोदकामात मागचं टायर बसलं, त्याचे ३०० वेगळे. पावसाळ्यात त्या रस्त्यानं जाऊ नका, एवढं ऐका.

म्हणून विचारताना 'शहीद आष्टी, तळेगावजवळची' असंच म्हणा. नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगावला उतरलं की आष्टी थोडीच आत आहे. एसटीनं जाणाऱ्यांनी नागपूर मध्ये धरून दोन वेगळे दिवस ठेवावेत. चिमूरलाही आगार आहे, तळेगावलाही. भाड्याच्या गाडीपेक्षा लालपरी बरी, निदान पाटी वाचून बसता येतं.

आष्टीला पोचलो दुसऱ्या दिवशी, कंबर धरून. इथं त्याच दिवशी लोक पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला गेले होते, गोळीबारात सहा जण गेले, त्यात डॉ. गोविंद मालपे. पोलीसही मारले गेले. दोन्ही गावच्या माणसांना फाशीच्या शिक्षा झाल्या, काँग्रेसच्या नेत्या अनसूयाबाई काळ्यांनी त्यांच्यासाठी जिवाचं रान केलं, १९४५ साली फाशी टळली. स्मारकाजवळ एक म्हातारे बाबा भेटले. मी मूलची हकिकत सांगितली तर पोटभर हसले, म्हणाले, "तुमी पयले नाई, बाप्पा." चहाचे पैसे काही देऊ देईनात. त्या एका हसण्यानं माझे ९६० रुपये वसूल झाले असं तेव्हा वाटलं. घरी येऊन हिशेब लिहिला तेव्हा नाही वाटलं.

१६ ऑगस्टला मुद्दाम जाऊ नका. मांडव, भाषणं, गाड्यांचे ताफे, स्मारकाजवळ उभं राहायला जागा नसते. आधी किंवा नंतर जा.

परतताना मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज आश्रमात राहिलो. चांगलं होतं. महाराजांचे बोल चिमूरच्या पोरांच्या कानात आधीच होते, तेव्हा हे ठिकाण शेवटी नाही, सगळ्यात आधी करा. आणि गाडीत झोपू नका.