पांढऱ्या कापसाचे प्रकाशमापन

डिसेंबरातल्या एका दुपारी पांढरकवड्याजवळच्या एका शेतात मी कृषी मासिकासाठी कापूस वेचणीची छायाचित्रे काढत होतो. धुऱ्यालगत उन्हात कापसाचा ढीग होता, भोवती काळी जमीन होती आणि ढिगाकडे तोंड व उन्हाकडे पाठ करून सावळ्या वर्णाच्या शेतमालकीणबाई बसल्या होत्या. मी कॅमेरा काढताच त्या म्हणाल्या, "भाऊ, कापूस पांढराच दिसला पायजे, नाही तं लोकं म्हणतीन पावसात भिजला." मला ते मनापासून पटले, कारण रंग उतरलेल्या कापसाचा भाव पडतो.

कॅमेऱ्यातील मीटर वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतो आणि ती वस्तू मध्यम करड्या छटेची आहे असे धरून चालतो. आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (भिंगाच्या छिद्राचा आकार) ठेवून तो ढिगावर रोखला, तेव्हा त्याने शटर उघडे ठेवायला १/८०० सेकंद सुचवले. मातीवर रोखला, तेव्हा १/१००. ऊन तेच, तरी आकड्यांत तीन स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे आठपटीचा फरक! पहिल्या आकड्याने कापूस राखाडी झाला असता, तर दुसऱ्याने त्याचे तंतू पांढऱ्याफटक डागात हरवले असते.

म्हणून मी हातातला लाइटमीटर ढिगापाशी धरून त्याचा पांढरा घुमट उन्हाकडे वळवला. वस्तू काळी की पांढरी याच्याशी या मापनाचा संबंध नसतो. ते फक्त पडणारा प्रकाश मोजते. उत्तर आले १/२००, आणि स्वच्छ उन्हासाठी जुने छायाचित्रकार वापरत आलेल्या एफ/१६ च्या नियमाशीही ते जुळत होते: एफ/१६ ला आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे १/१०० सेकंद, आणि दुप्पट प्रकाश घेणाऱ्या एफ/११ ला त्याच्या निम्मा.

खरा पेच चेहऱ्याचा होता. पदराच्या सावलीत मीटर १/२५ दाखवत होता. मावशींना ढिगाच्या आणखी जवळ सरकायला सांगितले, तेव्हा कापसावरून उसळलेला मऊ उजेड हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत पोहोचला आणि आकडा १/१०० वर आला. त्या उजेडाची सर कोणत्याही फ्लॅशला आली नसती, असे माझे ठाम मत आहे. शेवटी मी १/१६० ठेवले. हिस्टोग्राम (चित्रातल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख) उजव्या, म्हणजे पांढऱ्या, कडेला टेकला नव्हता आणि कापसातली सरकीही स्पष्ट दिसत होती.

मावशींनी पडद्यावरचे चित्र निरखून एका ठिकाणी बोट ठेवले. "हा पाचोळा काढतो अन् मंग आणखी एक काढा." तेवढ्यात उन्हावर विरळ ढग आला होता, म्हणून मी पुन्हा मीटर धरला.